जामीनदार

आज आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जबाब दिला. आरोपी म्हणून नाही हो, जामीनदार म्हणून!

आमच्या गावाकडच्या अण्णांचा पॅरोलचा अर्ज आहे, त्यांची आई अंथरुणाला खिळलीय. कागदोपत्री याला 'अभिवचन रजा' म्हणतात. फर्लो म्हणजे 'संचित रजा', शिक्षेचा काही काळ भोगल्यावर मिळणारी, ती वेगळी.

"पळाला तर?" हवालदारांनी पेनचं टोपण चावत विचारलं. म्हटलं, साहेब, मागच्या फर्लोहून तुरुंगात परतताना एसटीचा घोळ नको म्हणून हा माणूस आदल्या रात्रीच येऊन नाशिकरोड स्टेशनवर झोपला होता. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही.

बांधाच्या भांडणात कुऱ्हाड उचलली तेव्हा अण्णा 26 वर्षांचे होते. आता 43. नाशिकरोड कारागृहात ते गणपती घडवतात. गेल्या वर्षी आमच्याकडे बसला तो तिथलाच. सोंडेचं वळण इतकं हळुवार, की विसर्जनाला बादलीत सोडताना हात थांबला.

लोक म्हणतात, चौदा वर्षं झाली की सुटतात. तसं नसतं. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनाच्या गुन्ह्यात 14 वर्षं ही शिक्षामाफीने सुटण्याआधीची किमान मुदत, हक्क नव्हे.

ज्याचा जीव गेला, त्याची बायको अजून त्याच गावात राहते. तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. सही करताना मात्र तीच डोळ्यांसमोर होती. तरी केली.

सातबाऱ्याची झेरॉक्स राहिलीय. उद्या परत चक्कर.