उसाच्या बेटावरची अडीच फुटी गाडी : कॅरिबियन समुद्रातील एक सफर

लातूरहून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र गाठायला एक रात्र गाडीत काढावी लागते, त्यामुळे आमच्या पिढीतील बहुतेकांना समुद्र भेटतो तो शाळेच्या सहलीत, नाहीतर मुंबईला कुणाच्या लग्नकार्याला गेल्यावर. अटलांटाला राहणाऱ्या लेकीने जानेवारीत आम्हा दोघांसाठी ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावरची आठवडाभराची कॅरिबियन सफर ठरवली, तेव्हा यजमानांनी आधी विचारले ते, “एवढे दिवस पाण्यावर बसून करायचे काय?” ते साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले आहेत आणि मी शाळेत भूगोल शिकवत असे. जहाजाच्या मार्गात सेंट किट्स नावाचे बेट आहे आणि त्या बेटावर साडेतीनशे वर्षे उसाखेरीज फारसे काही पिकले नाही, हे मी नकाशा पुढे ठेवून सांगितले, तेव्हा कुठे ते तयार झाले.

सफर मायामीच्या बंदरातून सुरू होते. धक्क्यावर उभे राहून वर पाहिले तर हे जहाज आहे असे वाटतच नाही. जणू एखादे बऱ्यापैकी बाजारगाव उचलून पाण्यावर ठेवले आहे. फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेले हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन पहिल्यांदा निघाले. त्याची लांबी ३६५ मीटर असून त्याला २० मजले आहेत, आणि पूर्ण भरले तर त्यावर ७,६०० प्रवासी व २,३५० कर्मचारी, म्हणजे दहा हजारांच्या घरात माणसे असतात. त्याचे ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे असे सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ते वजन वाटते. प्रत्यक्षात ते जहाजाच्या आतील जागेचे माप आहे. याच मापाने टायटॅनिक ४६,३२८ टनांचे होते, म्हणजे याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

खोलीत सामान पोहोचण्याआधी सुरक्षेचा सराव उरकावा लागतो. माहितीची चित्रफीत फोनवर पाहून आपल्याला नेमून दिलेल्या जागी जायचे आणि तेथील कर्मचाऱ्याकडून हजेरी नोंदवून घ्यायची, एवढेच ते काम असते. त्यानंतर मात्र सगळे मोकळे. पोहण्याचे तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावरचे नृत्य, नाटकगृह, रात्री उशिरापर्यंत चालणारी गाणीबजावणी, आणि या सगळ्याच्या मधोमध खऱ्या झाडांची बाग. काही खोल्यांचे सज्जे समुद्राकडे नसून त्या बागेकडे तोंड करून आहेत. अथांग समुद्रावर येऊन, पैसे मोजून झाडांकडे पाहत बसण्याची हौस मला कळली नाही. पण एरवी झाडे बघायला आम्हाला घराबाहेर जावे लागते, असे म्हणणारी आमच्या शेजारच्या खोलीतील न्यूयॉर्कची आजी त्या बागेतून हलत नसे.

जेवणाची चिंता मात्र निष्कारण ठरली. मुख्य भोजनगृहात आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले तर दुसऱ्या दिवशी डाळ, भात आणि एखादी रस्सा भाजी मिळत असे. खोली सांभाळणारा मुलगा मालवणकडचा निघाला. आम्हाला मराठीत बोलताना ऐकले तेव्हा तो दारातच थबकला आणि “काकू, तुम्ही कुठल्या?” म्हणून विचारपूस करू लागला. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहून तो काम करत होता. आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी त्याने चाखून पाहिली आणि लसूण जरा कमी पडला आहे, असे मालवणी स्पष्टपणाने सांगितले.

या सगळ्या थाटामाटात आम्हा दोघांचे लक्ष अडकून राहिले ते एका साध्या गोष्टीवर, नळाच्या पाण्यावर. जहाजावर लागणारे बहुतांश गोडे पाणी जहाजावरच तयार होते. समुद्राचे पाणी आत घेऊन ते प्रचंड दाबाने बारीक पडद्यांतून ढकलले जाते, मीठ मागे राहते, आणि गोड झालेल्या पाण्यात आवश्यक ते क्षार व क्लोरीन मिसळून ते नळांना सोडले जाते. दुसरी पद्धत पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करण्याची, जी अनेक जहाजांवर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालते. यजमानांनी आयुष्यभर उसाचा रस आटवून पाणी काढून टाकण्याचे काम केले असल्यामुळे त्यांना या यंत्रणेत भलताच रस निर्माण झाला. मला आठवला तो २०१६ चा उन्हाळा. त्या वर्षी लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन पहाटे लातूर स्थानकात आली, तेव्हा लोक ती बघायला गेले होते. ज्यांच्या घरी दहा दिवसांनी नळ येतो त्यांना पोहण्याच्या तलावाकाठी निवांत बसणे सहजासहजी जमत नाही. यजमान तर जहाजावरही दाढी करताना नळ बंद करीत असत.

मायामी सोडल्यावर सेंट किट्स गाठेपर्यंत मध्ये नुसता समुद्र आहे. जहाज आग्नेयेकडे जाते आणि वारा बहुतेक वेळ समोरून, ईशान्य-पूर्वेकडून येतो. हेच ते व्यापारी वारे, जे मी वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले आणि ज्यांच्या जोरावर १४९२ मध्ये कोलंबसची गलबते या बाजूला आली. सज्ज्यातून खाली पाहिले की पाण्यावर सरगॅसम या समुद्री शेवाळाचे पिवळसर तपकिरी पुंजके तरंगताना दिसत, आणि जहाजाच्या लाटेने बिचकून उडते मासे बाहेर पडत. हा मासा तळहाताएवढा असतो, पाण्याला समांतर सरळ रेषेत तरंगत जातो, शेपटीचा एक फटका पाण्यावर मारून पुन्हा उचल घेतो आणि एकाएकी दिसेनासा होतो. सकाळचा चहा घेऊन मी तासन्‌तास हेच पाहत बसत असे. आतल्या सगळ्या करमणुकीत मला याच्या तोडीचे काही सापडले नाही.

सेंट किट्सची राजधानी बासेटेर. हिरव्या डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेले हे शहर आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षा मोठे नाही. शेजारच्या नेव्हिससह हा देश १९८३ मध्ये स्वतंत्र झाला. येथील वॉर्नर पार्क हे मैदान क्रिकेट पाहणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. २००७ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने एकाच षटकात सहा षटकार मारले ते इथेच. यजमानांनी टॅक्सी थांबवून मैदान बाहेरून का होईना पाहून घेतले, आणि मग आम्ही ज्यासाठी आलो होतो त्या रेल्वेच्या स्थानकाकडे, नीड्समस्टकडे निघालो.

रूळ दिसताच दोघेही एकदम बोललो, “ही तर आपली बार्शी लाइट!” १९१२ ते १९२६ या काळात मळ्यांवरचा ऊस बासेटेरच्या कारखान्यात आणण्यासाठी हा लोहमार्ग बेटाभोवती टाकला गेला, आणि त्याची रुंदी बार्शी लाइट रेल्वेइतकीच, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर आहे. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये धावू लागलेली आणि पुढे लातूरला व मिरजेला जोडली गेलेली आमची ती गाडी या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग रुंद झाल्यावर इतिहासजमा झाली. लग्नानंतर मी माहेरी पंढरपूरला त्याच गाडीने जात असे. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती त्याच जुन्या मार्गावरून, फक्त रूळ रुंद झाल्यावर.

इथली गाडी आता फक्त पर्यटकांची आहे. डबे दुमजली आहेत, खाली काचेच्या खिडक्या आणि वर मोकळी गच्ची. गाडी अठरा मैल जाते आणि बेटाची उरलेली प्रदक्षिणा बसने पूर्ण होते. डावीकडे डोंगर, उजवीकडे अटलांटिक महासागर, आणि मध्ये लोखंडी पुलांवरून खोल ओढे ओलांडत, डुलत डुलत जाणारी गाडी. वाटेत खोबरे आणि साखरेची वडी देतात, रमच्या पेल्यांची खैरात असते आणि स्थानिक गायकांचा चमू डब्याडब्यातून गात फिरतो. इतर प्रवाशांचे लक्ष समुद्राकडे होते आणि यजमानांचे डोंगराकडे. जिकडे तिकडे ऊस होता, पण तो कुणीच लावलेला नव्हता. शेवटचा गळीत हंगाम २००५ मध्ये झाला आणि त्यानंतर सरकारने हा उद्योगच बंद केला. उत्पादनखर्च निघत नव्हता, कर्ज साचले होते, आणि युरोपीय बाजारात मिळणारा चढा भाव यापुढे टिकणार नाही हे दिसू लागले होते. तेव्हापासून जमिनीत राहिलेल्या खोडांतून दरवर्षी ऊस आपोआप फुटतो, तुरा धरतो आणि वाळतो. गवत, झुडपे आणि ऊस अशी ती सरमिसळ डोंगराच्या चढावर चढत गेली आहे, आणि तिच्यातून मध्येच एखाद्या जुन्या घाण्याचे दगडी धुराडे डोके वर काढते.

ला व्हॅली येथे गाडी सोडून बस धरण्याआधी थोडा वेळ होता. यजमानांनी रुळाकडेचे एक कांडे मोडून घेतले, नखाने साल काढली, चघळून पाहिले आणि चोथा थुंकून निकाल दिला, “ब्रिक्स चौदाच्या वर नाही. नुसता खोडव्याचा खोडवा.” ब्रिक्स म्हणजे रसाच्या गोडीचे माप, आणि खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेले पीक. बसमधील मार्गदर्शक बाई हे पाहत होत्या. त्यांचे वडील ऊस तोडत असत. वाढलेल्या पात्यांनी कापलेले हात, पहाटे पेटवलेल्या फडाची राख अंगावर घेऊन परतणारी माणसे, आणि कारखाना बंद झाल्यावर मिळालेली भरपाई, हे त्या बोलल्या ते इतर प्रवाशांसाठी नव्हते, यजमानांसाठी होते. आमच्याकडे अजून हाताने ऊस तोडतात का, असे त्यांनी विचारले. बीडकडची नवराबायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते, उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन सहा सहा महिने घर सोडते आणि लेकरे फडावरच वाढतात, हे यजमानांनी आपल्या कारखानी इंग्रजीत सांगितले. “आणि तुमचा कारखाना चालू आहे?” त्यांनी विचारले. “चालू आहे,” यजमान म्हणाले, “पाऊस झाला तर.”

या बेटाची साखर कुणाच्या कष्टावर उभी राहिली हे बासेटेरच्या स्वातंत्र्य चौकात समजते. आज कारंजे आणि बाकडी असलेल्या या चौकात पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरत असे. त्यांच्या आधी येथे राहणाऱ्या कालिनागो लोकांची १६२६ मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून कत्तल केली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये. परतीच्या वाटेवर ब्रिमस्टोन हिलचा किल्ला दुरून दिसला, गुलामांनी बांधलेला आणि १९९९ पासून जागतिक वारसा यादीत असलेला. पण जहाजाची वेळ झाल्याने चढून जाता आले नाही. वेळेच्या बाबतीत जहाज कुणाची गय करत नाही. सुटण्याच्या सुमारास धक्क्यावरून धावत येणाऱ्या प्रवाशांना वरच्या मजल्यांवरून टाळ्या वाजवून प्रोत्साहन देणे हा बाकीच्यांचा आवडता कार्यक्रम असतो.

आमच्या मार्गातील दुसरे बेट सेंट थॉमस, त्याविषयी थोडक्यातच सांगते. डेन्मार्कने १९१७ मध्ये अडीच कोटी डॉलरचे सोने घेऊन हे बेट शेजारच्या बेटांसह अमेरिकेला विकले. गाड्यांचे स्टिअरिंग अमेरिकेप्रमाणे डावीकडे, पण वाहने चालतात रस्त्याच्याही डाव्या बाजूने, त्यामुळे डोंगरातल्या वळणांवर समोरचे वाहन पाहून पोटात गोळा येतो. चित्रकार कामीय पिसारो या बेटावरच्या शार्लट अमाली शहरात १८३० मध्ये जन्मला. मुख्य रस्त्यावर ओळीने दागिन्यांची दुकाने आहेत आणि त्यांतील अनेक सिंधी व्यापाऱ्यांची. एका दुकानदाराने “या, या, चहा घ्या” म्हणत हिंदीत बोलावले, तासभर उल्हासनगरच्या आठवणी काढल्या आणि आम्ही काही विकत घेतले नाही तरी दारापर्यंत सोडायला आला.

कोकोके हे बहामाजमधील बेट कंपनीनेच खेळण्याबागडण्यासाठी सजवलेले आहे. पाणी इतके नितळ की पायाची बोटे मोजता यावीत. पण गावही नाही आणि गावकरीही नाहीत, म्हणून लिहिण्यासारखे फारसे काही नाही. मोकाट फिरणाऱ्या कोंबड्या तेवढ्या लक्षात राहिल्या.

बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी जहाज मायामीच्या धक्क्याला लागले तेव्हा खाली फळे, भाजीपाला आणि धुतलेल्या चादरींच्या थप्प्या वाहून आणणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली होती, कारण हजारो माणसे उतरतात त्याच दुपारी तितकीच माणसे चढतात आणि संध्याकाळी जहाज पुन्हा निघते. उरलेली चटणी घेताना मालवणच्या मुलाच्या दुसऱ्या हातात उश्यांचे अभ्रे होते. “काकू, पुढच्या वेळी लसूण,” एवढे बोलून तो शेजारच्या खोलीत शिरला.