टर्बो बदलण्यापूर्वी निळ्या धुराचा माग काढावा

टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला की बहुतेक गॅरेजमध्ये पहिले वाक्य ऐकू येते ते "टर्बो गेला" हेच. हे वाक्य तपासणीच्या शेवटी यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. टर्बोतून तेल बाहेर पडणे आणि टर्बो खराब होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक न पाहिल्यामुळे मोठी रक्कम खर्चून नवा टर्बो बसवला जातो आणि थोड्याच दिवसांत तोही तसाच तेल टाकू लागतो, कारण मूळ दोष जिथल्या तिथेच राहिलेला असतो.

अर्थात धूर तेलाचाच आहे याची खात्री आधी करून घ्यावी. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त जात आहे. फाटलेला होज पाइप, चोंदलेला एअर फिल्टर, बिघडलेला इंजेक्टर किंवा ईजीआर वॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) ही त्याची नेहमीची कारणे. इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंटचा असतो आणि अशा वेळी कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरत असते. तेलाचा धूर निळसर राखाडी दिसतो, हवेत बराच वेळ रेंगाळतो आणि त्याचा जळका, उग्र वास डोळ्यांना झोंबतो. तो ढगाळ आकाशाखाली नीट ओळखू येत नाही. गाडीमागे गडद भिंत किंवा झाडी असली की लगेच दिसतो. पीयूसी तपासणीत गाडी पास झाली म्हणून तेल जळत नाही असेही समजू नये, कारण डिझेलच्या तपासणीत उभ्या गाडीला रेस देऊन धुराची घनता मोजली जाते आणि तेलाचा धूर नेमका त्या क्षणी येईलच असे नाही.

धूर केव्हा येतो, हा पुढचा प्रश्न. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच निळा लोट येऊन विरून गेला, तर वॉल्व्हच्या सिलांमधून तेल सिलेंडरमध्ये उतरल्याचा संशय घ्यावा. पेट्रोल गाडीने एक्सिलरेटर सोडून लांब उतार उतरल्यावर पुन्हा पाय दाबताच धूर टाकला, तरी संशय वॉल्व्ह सील, गाइड किंवा पीसीव्ही वॉल्व्हवरच (इंजिनाच्या पोटातले वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप) जातो, कारण थ्रॉटल म्हणजे हवेची झडप बंद असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, निर्माण होणारे व्हॅक्यूम तेल ओढून घेते. चढावर, भार असताना सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंगांकडे पाहावे. मात्र गाडी सिग्नलला बराच वेळ आयडलिंगवर उभी राहते आणि निघताना धूर मारते, तेव्हा टर्बो संशयितांच्या यादीत वर येतो. तो दोषी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्याची रचना समजून घ्यावी लागते.

टर्बोच्या शाफ्टच्या एका टोकाला हवेचा आणि दुसऱ्या टोकाला धुराचा पंखा असतो. हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दोन्ही टोकांना असलेली सिले रबरी नसतात; ती पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक कडी असतात आणि तेल अडवण्याचे मुख्य काम दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक करतो. पंख्यांच्या बाजूला दाब जास्त आणि मधल्या भागात कमी, ही स्थिती टिकली पाहिजे. तेल टर्बोत येते ते पंपाच्या दाबाने, परंतु परत सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीत) जाते ते केवळ स्वतःच्या वजनाने, म्हणूनच परतीचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा बराच जाड असतो. हा परतीचा पाइप काजळीने अरुंद झाला, तेलाची पातळी खुणेच्या वर गेली किंवा क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब वाढला, की तेलाला खाली उतरायला वाट उरत नाही. मग निर्दोष टर्बोही ते सिलांवाटे बाहेर टाकतो. चोंदलेल्या एअर फिल्टरमुळेही असेच घडते, कारण त्या वेळी हवेच्या बाजूचा पंखा पुरेशी हवा न मिळाल्याने तेल ओढू लागतो.

माझ्या मेहुण्यांच्या डिझेल हॅचबॅकचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. गाडीचे लाखाहून अधिक किलोमीटर झालेले, पिकअप चांगला, पण टोलनाक्यावरच्या रांगेतून निघताना मागचा ट्रकवाला काच वर करील इतका धूर. एका गॅरेजने टर्बो बदलण्याचा अंदाजही लिहून दिला होता. साताऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रींनी मात्र पाने हातात घेण्याआधी ऑइल भरण्याचे झाकण उघडले. आयडलिंगवर तिथून फसफस वाफा येत होत्या. "दाजी, ही गाडी तोंडाने श्वास घेतेय, हिचं नाक चोंदलंय," ते मेहुण्यांना म्हणाले. मग त्यांनी फळीवर यू आकारात ठोकलेली, निम्मी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली, डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) काढून तिच्या जागेच्या नळीला या पारदर्शक नळीचे एक टोक जोडले आणि इंजिन चालू केले. निरोगी इंजिनात दोन्ही बाजूंचे पाणी जवळपास एका पातळीवर राहते किंवा किंचित आत ओढले जाते. येथे ते उघड्या बाजूला चार बोटे वर चढले आणि रेस देताच नळीबाहेर उडाले.

एवढ्यावरून ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणारी वाट, दोषी ठरत नाही, कारण झिजलेल्या रिंगांमधून खाली येणारे वायूही दाब वाढवतात. त्यामुळे त्यांनी ब्रीदरचे ऑइल सेपरेटर (वायूंतले तेल वेगळे करणारा भाग) बाजूला करून तिथले तोंड मोकळे सोडले आणि पुन्हा मोजले. पाणी पातळीवर आले. वायूंचे प्रमाण इंजिनाच्या वयाला साजेसेच होते; त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती, एवढेच. सेपरेटर उलटे केले तर त्यातून काळा, डांबरासारखा गाळ अगदी सावकाश घरंगळला. तोंड मोकळे करूनही दाब राहिला असता, तर लीक-डाउन चाचणी करावी लागली असती. त्या चाचणीत सिलेंडरमध्ये दाबाने हवा भरतात. ती ऑइलच्या झाकणातून बाहेर आली तर रिंगा, इनटेकमधून किंवा सायलेन्सरमधून आली तर त्या त्या बाजूचे वॉल्व्ह दोषी. टर्बोचे धुराच्या बाजूचे सील झिजले असले तरी एक्झॉस्टचा वायू परतीच्या पाइपातून सम्पमध्ये शिरून दाब वाढवतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यानंतर त्यांनी टर्बो पाहिला, आणि तोही न उतरवता. हवेच्या बाजूचा होज पाइप काढून टर्बोच्या आधी तेल आहे की नंतर, हे तपासले. आधीच तेल असेल तर ते ब्रीदरमधून आलेले असते. आधी कोरडे आणि नंतर ओले असेल तर टर्बोचे सील तेल सोडत आहे. धुराच्या बाजूलाही हाच नियम लागू होतो: एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांतला धूर टर्बोकडे नेणाऱ्या भागात) तेल असेल तर ते इंजिनातून आलेले, मॅनिफोल्ड कोरडे आणि टर्बोच्या पुढचा पाइप ओला असेल तर टर्बोतून आलेले. मेहुण्यांच्या गाडीत दोन्ही बाजूंना टर्बोनंतर ओल होती, तरीही शाफ्ट बोटाने हलवून पाहिला तेव्हा लांबीच्या दिशेने तो जाणवण्याइतका हलत नव्हता. आडव्या दिशेने थोडी हालचाल स्वाभाविक असते, कारण शाफ्टला तोलून धरणारा तेलाचा थर इंजिन बंद असताना नसतो. पंख्याची पाती कवचाला घासल्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहणे महत्त्वाचे. तशा खुणा नव्हत्या. नवे सेपरेटर, परतीच्या पाइपाची सफाई, ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर एवढ्यात काम झाले. टर्बो जुनाच राहिला.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) उतरवून त्यात साठलेले तेल काढणे मात्र कधीही टाळू नये. त्यात तेलाचा पातळ थर असणे सामान्य आहे, पण भांडेभर तेल साठले असेल तर जोरात रेस देताच ते इंजिनात ओढले जाते. डिझेल इंजिनाला ते इंधनासारखेच असल्याने इंजिन आपोआप वेग घेते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. असे झाल्यास मॅन्युअल गाडीत वरचा गियर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडून इंजिन बंद पाडावे, आणि त्या वेळी कोणीही बॉनेटवर वाकू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांत एक गुंतागुंत वाढली आहे. शहरात थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, काजळी जाळून होणारी सफाई अर्धवट राहते, त्यासाठी फवारलेले जादा डिझेल सम्पमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. डिपस्टिकवर पातळी भरपूर दिसते म्हणून मालक निश्चिंत असतो, पण ते तेल पातळ झालेले असते आणि वाढलेल्या पातळीने टर्बोच्या परतीच्या तेलाची वाटही अडते. अशा गाडीत निळा धूर डीपीएफमागे बराच काळ झाकलाही जातो. म्हणून पातळी कमी होण्याइतकीच वाढण्याचीही दखल घ्यावी.

टर्बो खरोखरच गेला असेल, म्हणजे पाती घासलेली असतील किंवा सायरनसारखा आवाज येत असेल, तर तो बदलावाच. पण तेल आणणारा पाइप त्यासोबत नवा घालावा, कारण जुन्या पाइपात साचलेला कार्बन नव्या शाफ्टला तेलाविना मारतो. तेलाच्या जोडांवर सिलिकॉन गॅस्केट लावू देऊ नये. त्याचे तुकडे सुटून त्याच बारीक वाटेत अडकतात. टर्बोत आधी हाताने ताजे तेल ओतून, इंधन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारावा आणि मग काही मिनिटे इंजिन नुसते आयडलिंगवर ठेवावे.

दुरुस्तीनंतरही पहिले काही किलोमीटर धूर येतो, कारण सायलेन्सरमध्ये मुरलेले तेल तापल्यावर जळत राहते. मेहुण्यांच्या गाडीचा धूर वाटेतल्या चढावर आणखी वाढला आणि पुण्याला पोहोचेपर्यंत ओसरला. तसा तो ओसरत नसेल, तर गाडी सपाट जागी थंड उभी असताना डिपस्टिकवरची पातळी टिपून ठेवावी आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा मोजावी. काही युरोपीय उत्पादक तेवढ्या अंतराला अर्धा लिटरपर्यंत तेल खपणे मान्य करतात. खप त्याहून जास्त निघाला, तर लीक-डाउन चाचणीपासून तपासणी पुढे न्यावी.