पुनर्विकासाआधी शेडमधून निघालेली प्लिमथ

ठाण्याच्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांतले जुने बंगले आणि बैठ्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून मला वर्षातून तीन-चार वेळा तरी एकाच प्रकारचा फोन येतो. घर रिकामे करायचे आहे, मागच्या शेडमध्ये आजोबांची किंवा वडिलांची अमेरिकन गाडी वर्षानुवर्षे उभी आहे, तिचे आता काय करायचे? नव्या इमारतीत वाट्याला येणारी पार्किंगची जागा आजच्या छोट्या गाडीच्या मापाची असते. सोळा फुटांहून लांब असलेली शेवरोले किंवा डॉज तिथे उभी राहूच शकत नाही. वडिलांचे गॅरेज होते आणि माझे लहानपण त्याच गाड्यांच्या खाली गेले, म्हणून लोक मला विचारतात. प्रत्येकाला मी एकच सांगतो: रंग देऊ नका, आधी कागद शोधा.

या गाड्या आपल्याकडे इतक्या संख्येने का सापडतात, हे नव्या संग्राहकांना ठाऊक नसते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडायला सुरुवात केली. म्हणजे शेडमधली ‘फॉरेनची गाडी’ बरेचदा आपल्या शेजारच्याच कारखान्यात, आपल्याच माणसांच्या हातांनी जोडली गेलेली असते. स्टिअरिंग उजवीकडे असते आणि दुरुस्त्या आपल्या मिस्त्रींनी केलेल्या असतात. हा तिचा मुंबईतला संसार पुसून टाकून तिला कॅलेंडरातल्या चित्रासारखी चकचकीत करणे मला मनापासून चुकीचे वाटते.

गेल्या हिवाळ्यात नौपाड्यातल्या एका काकूंकडे अशीच एक 1948 ची प्लिमथ पाहिली. काकांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. एका दलालाने काकूंना सल्ला दिला होता की गाडीला लाल रंग द्या, क्रोम करून घ्या, लग्नाच्या वरातीसाठी लगेच उचलली जाईल. काकू मला म्हणाल्या, “अरे, ह्यांनी तिला कधी दुसरा रंग लावू दिला नाही, मी कसा लावू?” मला फार बरे वाटले, कारण पंचाहत्तर वर्षांचा मूळ रंग एकदा घासून काढला की तो कितीही पैसे मोजले तरी परत आणता येत नाही. शिवाय नव्या रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, किती भरली आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही आणि त्याचा विश्वास तिथेच उडतो. फिकट रंगाची गाडी निदान खरे बोलते. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक मडगार्डांवरून आणि दारांच्या खालच्या कडांवरून फिरवले तर पत्रा कुठे उरला आहे आणि कुठे नाही, हे काही मिनिटांत समजते. काकूंच्या गाडीत दारे उत्तम होती. डिकीचा तळ मात्र सडला होता. खाडीकाठच्या गावात चार महिने पावसात उभ्या असलेल्या गाडीत दुसरे काय होणार?

मग बोनेट उघडले. या प्लिमथच्या इंजिनाचा क्रमांक डाव्या बाजूला, ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, डायनमोच्या वर एका सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. त्यावर ग्रीस आणि धूळ यांचा बोटभर थर बसला होता. केरोसीनमध्ये भिजवलेल्या चिंधीने तो हळूहळू पुसत गेलो, तेव्हा आधी एक सरळ दांडा दिसला, मग ‘पी’ आणि नंतर 15. 1946 ते 1948 या मॉडेलचे इंजिन ‘पी 15’ ने सुरू होते, 217.8 घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे, 95 अश्वशक्तीचे. त्यापुढचे आकडे काकूंच्या आरसी बुकातल्या आकड्यांशी एकेक करून जुळवले आणि ते जुळले. आपल्याकडे पेट्रोल परवडेनासे झाल्यावर कितीतरी अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिने काढून तिथे डिझेल इंजिने बसवली गेली. त्यामुळे मूळ इंजिन जागेवर असणे ही किमतीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे, क्रोमपेक्षा कितीतरी मोठी. डिझेल बसवलेले असेल तर विकणाऱ्याने तेही स्वच्छ सांगावे. तशा गाडीलाही गिऱ्हाईक मिळते, फक्त भाव वेगळा असतो.

गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी गाडी घाईने सुरू करण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. या गाडीची विद्युत यंत्रणा सहा व्होल्टची आहे आणि बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजची बारा व्होल्टची बॅटरी नेहमीच्या सवयीने लावली की दिवे आणि मीटर जळण्याची भीती असते. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाचे प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग ते हाताने फिरवून पाहावे. चाकांचेही तसेच. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात. माझ्या डोळ्यांसमोर एका धडधाकट पोराने पान्यावर उभे राहून असे दोन बोल्ट तोडले होते, कारण तो ते सैल करतो आहे असे समजून आवळत होता.

कागदांचे काम कंटाळवाणे असले तरी विक्री तिथेच अडते. मूळ मालक हयात नसेल तर आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यानंतर विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणजे ‘बीएम’ने सुरू होणारी मुंबई राज्याच्या काळातली पाटी जात नाही. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसारख्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

माझी खरी खंत ट्रकांविषयी आहे. हा नियम दुचाकींसाठी आणि खासगी प्रवासी मोटारींसाठी आहे, मालवाहू ट्रक त्यात बसत नाहीत. फार्गो हे नाव ठाण्याच्या जुन्या माणसांना आजही आठवते. डॉजचाच ट्रक क्रायस्लर कंपनी फार्गो या दुसऱ्या नावाने विकत असे. अमेरिकेत 1947 नंतरच्या शेवरोले पिकअपसाठी संग्राहक आनंदाने पैसे मोजतात. आपल्याकडे मात्र ट्रक मोडेपर्यंत राबवला आणि मग कापून भंगारात घातला. त्याची मागची लाकडी बॉडी इथल्या सुतारांनी बांधलेली असे, आणि ती तर कुणी जपलीच नाही. कुणाच्या वखारीमागे अख्खा फार्गो उभा असेल, तर गॅसकटर लावण्याआधी मला एकदा बोलवा, एवढी कळकळीची विनंती आहे.

काकूंची गाडी नेरूळच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी घेतली. डिकीचा सडका तळ आम्ही त्यांना आधी दाखवला आणि मगच भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही. काकूंनी आरसी बुकाबरोबर काकांनी जपलेली पेट्रोलची आणि टायरची बिले एका पत्र्याच्या डब्यातून दिली. गाडी ट्रेलरवर चढली ती त्याच फिकट हिरव्या रंगात. परवा त्या इंजिनिअरांचा फोन आला: इंजिन हाताने फिरते आहे, दोन व्हॉल्व्ह मात्र अडकलेले आहेत, आणि रविवारी हेड उघडायला मला बोलावले आहे.