चार थाऊ

तो माझ्याकडे, बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, तक्रार घेऊन आलाच नव्हता. उलट खूश होता. .२८० रेमिंग्टन काडतुसाची त्याची रायफल कुणाकडून तरी ‘ॲकली इम्प्रूव्ह्ड’, म्हणजे जरा जास्त दारू मावेल अशा आकाराच्या काडतुसासाठी, करून घेतली होती आणि आता दुसऱ्या, कोऱ्या बॅरललाही तसंच चेंबर, म्हणजे काडतूस बसायची पोकळी, पाडून हवं होतं. कौतुकानं दाखवायला वापरलेल्या चार केस, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, सोबत आणल्या होत्या.

रिकामी केस हातात आली की मी आधी तिच्या बुडाकडे बघतो, सवयच आहे. बुडाच्या जरा वर पितळेवर एक चकचकीत कडं उमटलं होतं. चारही केसवर, त्याच जागी.

“किती वेळा भरल्यास या?”

“दोनदाच, काका.”

असं कडं कधीकधी वापरलेली केस पुन्हा मापात आणणाऱ्या साइझिंग डायमुळेही येतं. म्हणून यू-पिन सरळ केली, टोक जरासं वाकवलं आणि केसच्या आतून भिंतीला घासत वर ओढली. कड्यापाशी टोक अडकलं. मग एक केस हॅक्सॉनं उभी चिरली आणि त्याच्या हातात दिली. खाली जाड पितळ, वर जाड पितळ आणि मध्ये भिंत नखासारखी पातळ. तो काहीच बोलला नाही. पुढच्या एखाद्या फैरीला ती तिथूनच तुटली असती आणि तप्त गॅस मागे, त्याच्या तोंडाकडे आला असता.

आता रायफल. बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढले, साध्या .२८० चं ‘गो’ गेज, म्हणजे चेंबरची लांबी तपासायचं माप, आत सरकवलं. ॲकलीच्या चेंबरमध्ये या गेजवर बोल्ट बंद होताच कामा नये, इथे ते ‘नो-गो’चं काम करतं. हँडल एका बोटानं खाली आलं, बोल्ट बंद झाला.

पी. ओ. ॲकली या अमेरिकन गनस्मिथनं केसचा निमुळतेपणा जवळपास काढून टाकला आणि मानेखालचा उतार, म्हणजे खांदा, साडेसतरा अंशांवरून ४० अंशांवर नेला. पण त्याची खरी हुशारी मला वेगळीच वाटते. चेंबर मूळ मापापेक्षा ४ थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, आखूड ठेवायचं, म्हणजे साधं काडतूस मान आणि खांद्याच्या सांध्यावर किंचित दाबून बसतं. पहिल्या फैरीला खांदा फुगून पुढे जातो, बूड मात्र बोल्टला टेकलेलंच राहतं. यासाठी बॅरल मागे घ्यावं लागतं. या कारागिरानं ते न करता जुन्याच चेंबरमध्ये नवा रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार, फिरवला होता. केस पुढे ढकलली जायची, तिचा पुढचा भाग भिंतीला चिकटायचा आणि मागचा भाग ताणला जायचा.

“मग कोऱ्या बॅरलचं काय करू?”

माझं मत मी लपवत नाही. केसमधली जागा ४ टक्के वाढली तर वेग साधारण एकच टक्का वाढतो. २८०० फूट प्रति सेकंदाचे २८३० होतील. याहून जास्त कोणी सांगत असेल तर तो दाब वाढवून मिळवलेला वेग असतो, खांद्यानं दिलेला नव्हे. हजार यार्डांवर वारा ताशी एका मैलानं चुकीचा वाचलास, तर सहा-सात इंच तिथेच जातात. इम्प्रूव्ह्डचा खरा फायदा केस कमी लांबते हा, ती कापून मापात आणायचं ट्रिमिंग वाचतं. तोटाही आहे: सरळ भिंती आणि तीव्र खांद्यामुळे मॅगझिनमधून काडतूस तितकं गुळगुळीत चढत नाही. .२८० ॲकलीला २००७ मध्ये ‘सामी’ या अमेरिकन उत्पादकांच्या संस्थेनं प्रमाण ठरवून दिल्यामुळे तयार केस तरी मिळतात. बाकी बहुतेक इम्प्रूव्ह्डना आधी फायरफॉर्मिंगमध्ये, म्हणजे साधी काडतुसं झाडून केसला नवा आकार देण्यात, बॅरल झिजवा.

बराच वेळ विचार करून त्यानं कोरं बॅरल साधंच करायला सांगितलं.

जुनं बॅरल मी लेथवर लावलं. इंचाला १६ आटे, त्यातला एक मागे घेतला, म्हणजे अर्धं सूत. मग रीमर थोडा थोडा आत घालत, दर वेळी चिप पुसत गेलो. संध्याकाळी तेच साधं गेज घातलं, हँडल अर्ध्यातच थांबलं. मग दारू आणि प्रायमर नसलेलं एक नकली काडतूस त्याच्याकडे दिलं. त्यानं बोल्ट ढकलला.

“काका, शेवटी जरा घट्ट लागतंय.”

“लागू दे.”