जगभरच्या मातीची ओल एका तक्त्यात आणताना

आमचे अण्णा पेरणीआधी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायचे. खुरप्याने चार बोटं माती उकरायची, मूठभर घेऊन घट्ट दाबायची आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. भुगा झाला तर वाफसा. थापी बसली तर अजून दोन दिवस थांबायचं. परभणीकडच्या काळ्या रानात हे बघत मी मोठी झाले. पुढे याच ओलीवर व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करायला गेले आणि तिथे इंटरनॅशनल सॉइल मॉइश्चर नेटवर्क या, देशोदेशीच्या केंद्रांवरच्या ओलीच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या जाळ्याच्या कामात हातभार लावायला मिळाला.

युरोपीय अंतराळ संस्थेचा स्मॉस उपग्रह २ नोव्हेंबर २००९ ला सुटला. तो जमिनीतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपून वरच्या साधारण पाच सेंटीमीटर मातीतली ओल सांगतो, पण त्याच्या एका आकड्यात चाळीसेक किलोमीटरचा टापू येतो. तो आकडा कितपत बरोबर, हे मातीत पुरलेल्या सेन्सरशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यासाठीच याच संस्थेच्या पैशातून आणि आमच्याच विद्यापीठातल्या वूटर डोरिगो यांच्या पुढाकाराने हे जाळं उभं राहिलं. त्याआधी अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ ॲलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी सोव्हिएत संघ, चीन, मंगोलिया, भारत अशा ठिकाणच्या सहाशेहून अधिक केंद्रांच्या नोंदी जमवल्या होत्या. त्या कामाचं मोल मला फार वाटतं. त्यातल्या कितीतरी नोंदी माणसांनी हाताने माती काढून, भट्टीत वाळवून, वजन करून केलेल्या आहेत.

लोकांना वाटतं आम्ही देशोदेशी जाऊन यंत्रं बसवली. तसं नाही. केंद्रं ज्याची त्याची. कुणी हवामान खात्याचं, कुणी विद्यापीठाचं. ते आपली माहिती आपणहून, फुकट देतात. आमचं काम ती एका भाषेत आणायचं, आणि खरा घाम तिथेच निघतो.

एक फाइल यायची त्यात ओल टक्क्यांत, पण टक्के वजनाचे की आकारमानाचे ते लिहिलेलंच नाही. वजनाचे वीस टक्के असतील आणि कोरड्या मातीची घनता घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम असेल तर आकारमानाने ते सव्वीस होतात. हा फरक लहान नाही. दुसरी फाइल मिलिमीटरमध्ये: दहा सेंटीमीटरच्या थरात तीस मिलिमीटर पाणी, म्हणजे आकारमानाने ०.३०. सगळं घनमीटरला घनमीटर या एकाच मापात आणायचं, तासातासाला, जागतिक प्रमाणवेळेत.

वेळेने मला एकदा चांगलंच फसवलं. एका केंद्राची फाइल स्थानिक वेळेत आहे असं धरून मी तास सरकवले. आलेख काढला तर पाच सेंटीमीटरवरची माती मध्यरात्री सर्वांत तापलेली! फाइल आधीच प्रमाणवेळेत होती. तेव्हापासून नवी फाइल आली की आधी मातीच्या तापमानाचा आलेख काढायचा, दुपारनंतर चढतो का बघायचं आणि मगच ओलीला हात लावायचा, ही सवय अजून सुटलेली नाही.

त्यानंतर तपासणी. शून्याखाली किंवा ०.६० च्या वर गेलेल्या आकड्यावर खूण पडते. गोठलेल्या मातीवरही पडते, कारण सेन्सर मातीचा विद्युत गुणधर्म मोजतो आणि बर्फाचा तो गुणधर्म पाण्याच्या मानाने अगदीच कमी. माती पाण्याने भरलेली असली तरी यंत्राला ती कोरडी दिसते. पाऊस नसताना ओल चढली तर तीही शंकास्पद. मात्र आकडा कधीच पुसत नाहीत, शेजारी फक्त खूण करतात. हा नियम मला सर्वांत आवडतो. एका केंद्रावर ऐन कोरड्या महिन्यात दर काही दिवसांनी ओल उसळी घ्यायची. यंत्र बिघडलं असावं असं आम्ही धरलं होतं. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं तर त्यांनी लिहिलं, "शेजारच्या शेताचं पाटपाणी आहे." आकडा पुसला असता तर कुणाचं तरी सिंचनच नोंदीतून गेलं असतं.

२०२१ पर्यंत जाळ्यात केंद्रांचे ७१ गट आणि एकूण २,८०० हून अधिक केंद्रं झाली. २०२२ च्या अखेरीस कारभार व्हिएन्नाहून जर्मनीत कोब्लेन्झला गेला. उपग्रहाच्या मोहिमेपुरता पैसा संपला की असं काम बंद पडतं, म्हणून त्याला सरकारी जलविज्ञान संस्थेचा कायमचा आधार मिळाला याचं मला फार समाधान वाटलं.

आता मी गावी आमच्या रानात पाच आणि दहा सेंटीमीटरवर दोन सेन्सर पुरलेत. एप्रिलमध्ये काळी माती भेगाळली आणि भेग नेमकी वरच्या सेन्सरजवळून गेली. सेन्सरच्या मातीत रुतलेल्या दात्यांभोवती हवा शिरली, आकडा एकदम तळाला गेला. मी माती भरून भेग बुजवली, तारीख आणि तास वहीत टिपला, प्रमाणवेळेत, साडेपाच तास वजा करून. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी चार बोटं माती उकरली, मुठीत दाबली आणि म्हणाले, "खाली ओल हाये अजून." दहा सेंटीमीटरवरचा सेन्सरही तेच सांगत होता.