शास्त्राचं की कपाटाचं?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही, असा फोन आला तेव्हा संपादक मंडळाने दोन अटी घातल्या. फोटो पासपोर्ट साईजचा हवा आणि मजकूर प्रेरणादायी हवा. फोटो पाठवला आहे. मजकुराचं जमेल तसं बघतो.

मी १९८४ च्या दहावीचा. आमच्या आठवीतल्या नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांपैकी मी तिसरा राजा होतो. पहिल्याकडे सोनं, दुसऱ्याकडे ऊद आणि माझ्या वाट्याला गंधरस, म्हणजे काकांच्या आफ्टरशेव्हची रिकामी बाटली. अंगावर आईचा जांभळा शालू, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, त्यावर चहाच्या डब्यातला चंदेरी कागद डिंकाने चिकटवलेला. डिसेंबरातली नागपूरची थंडी आणि हॉलची गार फरशी. राजे तिघेही अनवाणी.

तालीम संपली तशी शास्त्राच्या, म्हणजे पवित्र शास्त्र (बायबल) शिकवणाऱ्या, बाईंनी विचारलं, "राजे तिघेच कशावरून?"

"तिघेच असतात, बाई."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"हे सगळे राहतात कुठे?"

मग बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडला. मला मोठ्याने वाचायला लावला, ओळीवर बोट ठेवून. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, एवढंच. किती आले, पत्ता नाही. राजे होते, असंही नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, हा हिशेब मागाहून कोणीतरी केलेला. वर ते गेले ते घरात, गोठ्यात नाही. गव्हाणीपाशी आले ते मेंढपाळ, आणि ते लूकमध्ये. आम्ही दोन्ही शुभवर्तमानांतली माणसं एकाच तट्ट्याखाली दाटीवाटीने उभी केली होती.

माझा तर गळाच दाटला. "मग मी नाटकात नाही का?"

"आहेस की. राजे तीनच ठेवू, कारण शाळेच्या कपाटात मुकुट तीनच आहेत. पण हे कारण शास्त्राचं नाही, कपाटाचं आहे. एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

तिथून ते वर्षभर चाललं. कोणी काही ठासून म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "शास्त्राचं की कपाटाचं?" हव्वेने खाल्लं ते सफरचंद होतं? उत्पत्तीत नुसतं फळ आहे. प्रेषित पौल दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर घोड्यावरून पडला? प्रेषितांच्या कृत्यांत घोडा नावालाही नाही, तो भुईवर पडला एवढंच. 'प्रयत्नांती परमेश्वर' हे वचन नीतिसूत्रांत आहे, असं मी छाती ठोकून सांगितलं आणि दोन दिवस शोधत बसलो. आजोबांच्या तोंडी ते इतकं असायचं की शास्त्रातलंच वाटायचं.

बाई काही बंडखोर वगैरे नव्हत्या. रविवारची उपासना चुकवायच्या नाहीत, पाळकसाहेबांपुढे पदर सावरून बोलायच्या. पण बिरुयाच्या लोकांचं त्यांना भारी कौतुक. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय: पौलासारखा पौल सांगतोय, ते आवडीने ऐकूनही घेतायत, आणि तरी तो म्हणतो ते तसंच आहे का, हे रोज शास्त्र उघडून पाहतायत. पौलाला राग आला नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने तर त्यांना थोर मनाचे म्हटलं, हे बाई दोनदा सांगायच्या.

एकदा त्यांनी हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगितली. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. शाळा चालवली, प्रवचनं केली आणि उरलेल्या वेळात आपल्या टाकळीच्या आसपास दगड फोडत, जीवाश्म गोळा करत हिंडले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून गेले. बाईंना त्यांच्या मरणापेक्षा दगडांत जास्त रस. त्या म्हणायच्या, शिंपला कितीही सुंदर असो, कुठल्या थरातून निघाला हे सांगता आलं नाही तर तो टेबलावरची शोभा. तुमच्या मनातल्या समजुतींनाही थर आहेत, पोरांनो. काही पवित्र शास्त्राच्या, काही आजीच्या, काही कॅलेंडरवरच्या चित्राच्या आणि काही निव्वळ भीतीच्या.

त्या तासाला ख्रिस्ती नसलेलीही मुलं बसत. इंदोऱ्याहून येणारा माझा एक मित्र बौद्ध. त्याच्या वडिलांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. तो उठून म्हणाला, "बाई, आमच्या कालाम सुत्तात बुद्धाने सांगितलंय की परंपरा आहे म्हणून मानू नका, आणि ग्रंथात आहे म्हणूनही मानू नका. तुम्ही ग्रंथापाशी येऊन थांबता, काहून?"

वर्ग चिडीचूप. बाईंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं. म्हणाल्या, "रात्री विचार केला. मी थांबते खरी. तपासायचं तर कुठेतरी पाय टेकावा लागतो, आणि मी येशूच्या शब्दावर टेकला आहे. तो का टेकला, हे मला सांगता आलं पाहिजे, हे तुझं बरोबर." त्या वयात मला हे उत्तर फुसकं वाटलं होतं. आमच्या बाजूने काहीतरी दणदणीत यायला हवं होतं.

हे सगळं मी विसरलो. नोकरी, लग्न, धरमपेठेत भाड्याची खोली. मग मुलगी झाली, आणि दीड वर्षाची होईस्तोवर कळलं की तिला ऐकू येत नाही. घरी प्रार्थनेला येणारे एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "या घरात कबूल न केलेलं पाप आहे." मी मानलं. चार महिने मानलं. रात्री कूलरच्या घरघरीत वहीत पापं लिहून काढत बसायचो. कॉलेजात बुडवलेलं मेसचं बिलसुद्धा लिहिलं होतं. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "तुझी यादी झाली की माझी लिही." तेव्हा कुठे पेन खाली ठेवलं.

आणि वहीच्या समासात, कसं कोण जाणे, मी लिहिलं, 'कुठून?'

योहानाचा नववा अध्याय मला लहानपणापासून येत होता. जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही नि आईबापांचंही नाही. म्हणजे मी चार महिने जे ख्रिस्ती शिकवण समजून उराशी धरलं होतं, तो शिष्यांचा प्रश्न होता, गुरूचं उत्तर नव्हतंच. बायबलातल्या दुःख सोसणाऱ्या ईयोबाचे मित्रही तेच बोलले आणि देवाकडून बोलणी खाऊन बसले. आमच्या घरात तर ते आणखी जुनं. पणजीच्या काळचं 'मागल्या जन्मीचे भोग' बाप्तिस्म्यानंतरही देवळीतच राहिलं होतं. आम्ही फक्त त्याचं नाव बदललं.

पणजीचं सगळंच टाकायचं, असं मात्र नाही. नाताळातल्या करंज्या आणि अनारसे शुद्ध कपाटातले आहेत, आणि तिथेच राहू द्या. करंजीने कोणाची झोप उडवली नाही. ज्या समजुतीने उडवली, तिची आधी चौकशी.

मुलगी आता स्वतः मूकबधिर मुलांना शिकवते. तिचं सांगायला वेगळा लेख लागेल.

गेल्या पावसाळ्यात बाईंना भेटायला मोहननगरला गेलो. वय नव्वदीकडे झुकलेलं, कान तल्लख, डोळ्यांना भिंग. माझ्या मनात एक गोष्ट कधीची सलत होती. सांगू की नको करत सांगितली. बाई, येशूची शिष्या मरीया मग्दालीया ही वाईट चालीची बाई होती, असं तुम्ही आम्हाला शिकवलं होतं. शास्त्रात तसं कुठेच नाही. पोप पहिला ग्रेगरी यांनी इ.स. ५९१ च्या एका प्रवचनात दोनतीन वेगवेगळ्या स्त्रियांची एकच करून टाकली, आणि तेच पुढे चालत आलं.

त्यांनी शास्त्र मागितलं. लूकचा सातवा अध्याय भिंगाने वाचला: पापी स्त्री, नाव नाही. आठवा वाचला: मग्दालीया, जिच्यातून सात भुते निघाली होती, पापी जीवनाचा शब्द नाही. परत सातवा वाचला. चहा निवला.

"काहून रे, चाळीस वर्षं मला कोणी टोकलं नाही?"

"बाई, तुम्हाला कोण टोकणार?"

"तेच तर चुकलं." त्यांनी उशाशी पेन्सिल चाचपली आणि समासात थरथरत्या हाताने लिहिलं, 'कुठून?' मग म्हणाल्या, "तुमच्या वर्गाला मी चुकीचं सांगितलं. त्या बाईची उगाच बदनामी झाली माझ्या हातून. सगळ्या पोरांना कळव."

सगळ्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. म्हणून १९८४ च्या बॅचला इथेच कळवतो: लूक, अध्याय सात आणि आठ, पुन्हा वाचा. बाईंनी सांगितलंय.