पाठ फिरवायला शिकलो, त्यात अख्खा सीझन गेला

सांगलीत खो-खो खेळलेला मी न्यू जर्सीत नववीला अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये गेलो. पाय चपळ म्हणून कॉर्नरबॅकला उभं केलं, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्या समोरच्या टीमच्या खेळाडूला, रिसीव्हरला, अडवायचं काम. रिसीव्हरपासून सात यार्डांवर थांबायचं आणि तो सुटला की त्याच्याकडे तोंड ठेवून उलटं पळायचं. हे बॅकपेडल पंधरा दिवसांत जमलं.

अडलं ते वळण. समजा रिसीव्हर गोलपोस्टच्या दिशेने तिरका निघाला, म्हणजे पोस्ट रूट (रूट म्हणजे रिसीव्हरची ठरलेली धाव). तुम्ही कंबर आतल्या बाजूला, मैदानाच्या मध्याकडे वळवून पळू लागलात आणि तो अचानक तुमच्या पाठीमागून बाहेरच्या कोपऱ्याकडे वळला. अशा वेळी स्पीड टर्नच लागतो: क्षणभर त्याच्याकडे चक्क पाठ करायची, गर्रकन फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने त्याला पुन्हा नजरेत घ्यायचं. तो सुटेल या भीतीने मी त्याच्याकडे बघत बघतच कंबर उलट फिरवायचो. दोन पावलं फुकट जायची आणि तेवढ्यात तो पुढे. संपूर्ण ऑक्टोबर हेच. कोच बाहेरून एकच ओरडायचे, ‘कंबर खाली!’ अहो, कंबर खालीच होती! चूक मानेत होती आणि ते मला कोणीही सांगितलं नाही. दोन सामने बाकावर गेले, त्याचा राग अजून येतो.

सीझन संपल्यावर बाबांनी घरामागे फोनवर माझं शूटिंग केलं. हळू करून पाहिलं, तर खांदे फिरत होते, हनुवटी मागेच. खो-खोत खांब घेताना मान आधी वळते आणि अंग मागून येतं. इथेही तेच हवं होतं! आधी हनुवटी, लगेच त्याच बाजूचा कोपर जोरात मागे, मग पाय आपोआप येतात.

सराव मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर करा. वळून झाल्यावर पाय रेषेवरच हवेत, नाहीतर तुम्ही वाहवत गेलात. दोन्ही बाजूंनी करा, माझी डावी बाजू महिनाभर मागे होती. आणि हो, बॅकपेडलमध्ये छाती गुडघ्यांवर ठेवा, पाऊल गवताला घासेल इतकंच उचला. थांबताना पाय कंबरेखालीच रोवा, लांब टाकलात तर ओल्या गवतावर घसरणारच.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात तोच रूट आला. मी पाठ फिरवली, मान वळली, तो हातभर अंतरावर होता. बॉल माझ्या बोटांना लागून बाहेर गेला.